शहाऐंशी, आडवा, सदोष

कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्या बाईंना वर्कशॉपमध्ये सगळे चिमटा म्हणत. हातात सदैव चिमटा असायचा म्हणून, आणि बोलणंही तसंच होतं म्हणून. तीस वर्षं त्यांनी टर्मिनलचे कीबोर्ड उघडले आणि मिटले. टर्मिनल म्हणजे काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटवणारं ते जुनं धूड. त्याला स्वतःची अक्कल काडीची नसे, सगळी ऐट तळमजल्यावरच्या मोठ्या संगणकाच्या जिवावर.

निवृत्त झाल्यावर त्या दर मंगळवारी गणिताच्या मास्तरांकडे जाऊ लागल्या. मास्तरांना जुन्या कीबोर्डांचं वेड होतं. शाळेच्या मागच्या खोलीत त्यांनी दीडशे जमवले होते आणि त्यांची सूची छापायला घेतली होती. घोडं अडलं होतं नावांवर. एकाच मांडणीला कंपनी आकड्याने ओळखायची, ऑपरेटर तिसरंच काहीतरी म्हणायचे, आणि वर्कशॉपमध्ये तर मोठ्या वाकड्या एंटरच्या कीबोर्डाला सरळ ‘नाकाड्या’ म्हणत. मास्तरांनी नियम घातला: आधी बटणांची संख्या, मग एंटरचा आकार, मग कंट्रोलची जागा. डोळ्यांना दिसतं तेवढंच नावात यायचं. नेहमीचा कीबोर्ड झाला ‘चौऱ्याऐंशी, आडवा, डावा’. बाईंना नियम पटला. नाकाड्या गेला याचं थोडं वाईट वाटलं, इतकंच.

एका मंगळवारी मास्तरांनी भंगारातून आलेला एक कीबोर्ड पुढे ठेवला.

“बाई, हा कोणत्याच नावात बसत नाही. बटणं शहाऐंशी. स्पेसच्या उजव्या टोकाला दोन जास्तीची, एक शिफ्ट, एक कंट्रोल. एकदा दाबली की पुढचं अक्षर येईपर्यंत दाबलेलीच राहतात. आत तारा वेगळ्या जोडल्यात. डावीकडची शिफ्ट आणि कंट्रोल बघा, कोरी करकरीत.”

बाईंनी बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. पत्रा कापून त्या दोन बटणांसाठी भोकं त्यांनीच पाडली होती.

त्याच कचेरीच्या चौकशी विभागात त्यांची थोरली बहीण, ताई, कानाला हेडफोन लावून बसायची आणि फोन करणाऱ्यांना हवी ती माहिती टर्मिनलवर शोधून सांगायची. चौतिसाव्या वर्षी तिचा डावा हात लुळा पडला. शिफ्ट एका हाताने धरायची आणि अक्षर दुसऱ्याने दाबायचं, हे आता जमणार नव्हतं. नोकरी जाणार हे उघड होतं. घरात या दोघी आणि अंथरुणाला खिळलेली आई. धाकटीने हा कीबोर्ड केला आणि दुरुस्तीच्या नावाखाली ताईच्या टेबलावर बसवला. ताई डावा हात कोटाच्या खिशात घालून सोळा वर्षं बसली. शेजारच्या दोघींना माहीत होतं. त्यांनी चकार शब्द काढला नाही. साहेबांना वाटायचं, हिला थंडी जरा जास्तच वाजते.

बाईंच्या हातून झालेल्या कामांत हे सगळ्यात चांगलं काम होतं, आणि ते त्यांना कोणाला दाखवता आलं नव्हतं. आता ते समोर होतं, विचारणारा जाणकार होता, आणि जिभेवर उत्तरही होतं. पण ताईने तो हात डॉक्टर सोडून कोणापुढे काढला नव्हता. आजही ती दारावर आलेल्या माणसाशी अर्ध्या दारातून बोलायची.

“कोणीतरी चुकीचे भाग बसवलेत,” बाई म्हणाल्या. “नवशिक्याचं काम.”

मास्तरांनी लिहिलं: शहाऐंशी, आडवा, सदोष. बाईंनी ते वाचलं. त्यांना फार लागलं. चहा न घेताच त्या घरी आल्या.

शुक्रवारी मास्तरांनी छपाईआधीची पानं तपासायला पाठवली. पाकीट ताईच्या हाती पडलं. शहाऐंशीच्या नोंदीशेजारी फोटो होता. धाकटी भाजी घेऊन आली तेव्हा ताई पान समोर ठेवून बसली होती.

“हे तू सांगितलंस?”

“मग काय सांगणार होते?”

“सदोष म्हणून?”

“तुझा हात चव्हाट्यावर आणू का, ताई? तूच शपथ घातली होतीस.”

“नोकरी होती तेव्हा घातली होती. आता मला कोण काढतंय?” ताईने कपाळाला हात लावला. “त्यानंतरची इतकी वर्षं मला वाटायचं, चोरून कीबोर्ड बसवलास हे कळलं तर तुझी अब्रू जाईल, म्हणून तू गप्प आहेस. म्हणून मीही हात दाराआड ठेवत होते.”

धाकटीने भाजीची पिशवी खाली ठेवली. पाकिटावर मास्तरांचा नंबर होता. ताईने फोन मांडीवर घेतला आणि लावला.

“मास्तर, मी बाईंची थोरली बहीण बोलतेय. तो कीबोर्ड सदोष नाही. माझा एक हात गेला होता, त्याच्यासाठी तो केलाय. सोळा वर्षांत एकदाही अडला नाही.”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग मास्तरांनी विचारलं, ‘एकहाती’ लिहिलं तर चालेल का? दिसतंही तेच.

“चालेल. आणि खाली करणारीचं नाव टाका.”

मास्तरांनी बिचकत सांगितलं, की नावं घालायची नाहीत असा नियम आहे.

“नियम राहू द्या बाजूला. पेन घेतलंत का?” ताई म्हणाली, आणि चौकशीला फोन करणाऱ्यांना सांगायची तशी, एकेक अक्षर सुटं करून, धाकट्या बहिणीचं पूर्ण नाव सांगू लागली.