राखणीचा पंखा

मंडळी, मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवलं. करणी, अंगात येणं, उलटे पाय, असलं काही कुणी काढलं की मी सरळ उठून चहा टाकायला जायचे. आजही जाते. इथले अनुभव वाचून मी कितीदा तरी हसलेय, खोटं कशाला बोलू? पिंपळ आहेच, पांढरी साडी आहेच, अमावास्या तर पाचवीला पुजलेली. माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. भर मे महिन्यातली दुपारची गोष्ट आहे. घाबरले मी खूप, पण भुताला नाही.

लेक म्हणते, एकदाचं लिहून टाक, म्हणजे येईल त्याला सांगत बसायला नको. म्हणून लिहितेय. सांगून सांगून दमलेय मी.

वसईत होळी नावाचा बाजार आहे, त्याच्या पुढे वाड्यांमधून आत गेलं की आमची आळी. दहा-बारा घरं, सगळी कॅथलिक. मागे केळी, पानवेली आणि मोगरा. आळीच्या तोंडाशी एक दगडी क्रूस आहे, चुना लावलेला. तो प्लेगच्या वेळचा. माझ्या पणजीच्या काळात प्लेग आला तेव्हा आळी रिकामी करून माणसं शेतात झोपड्या बांधून राहिली. एका घरातल्या मुलीला जांघेत गाठ आली होती. तिला न्यायला कुणी धजावेना. घरातच ठेवली, दाराला बाहेरून कडी घातली आणि खिडकीतून पेज ठेवत राहिले. मग एक दिवस पेज तशीच राहिली. तिचं नावसुद्धा आज कुणाला माहीत नाही, बघा.

आळी परत आली तेव्हा लोकांनी क्रूस बांधला आणि त्याच्यापुढे शब्द दिला, की या आळीतलं आजारी माणूस पुन्हा कधी एकटं राहणार नाही. त्यातूनच आमची राखण सुरू झाली. ताडाच्या पानाचा एक पंखा, कडेला लाल कापड शिवलेलं. तो ज्या घराच्या दाराला लटकेल त्या घरातल्या बाईनं त्या दिवशी आजाऱ्याजवळ बसायचं. संध्याकाळी पंखा पुढच्या दाराला. बोलावणं नाही, विचारणं नाही. पंखा दिसला की हातातलं काम टाकून जायचं. पान फाटलं की नवा करायचा, लाल कापड तेवढं जुनंच.

ऐंशीच्या सुरुवातीची वर्षं. माझ्या आयला अर्धांगवायू होऊन दुसरं वर्ष चाललं होतं. आमच्यात आईला आय म्हणतात. वडील नव्हते, भाऊ आखातात, लग्न माझं व्हायचं होतं. आयची उजवी बाजू पार गेलेली, बोलणं तुटक. तिला उशांच्या आधारानं बसतं ठेवावं लागे. घसरून आडवी झाली की घशात कफ अडकायचा, श्वास कोंडायचा, आणि आपलं आपण वळणं तिला जमत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला एकटं सोडायचं नाही. शाळेच्या दिवसांत राखण होती म्हणून मी नोकरी करू शकले. बाकी रात्र माझी, पहाट माझी, धुणं माझं. आरशात बघायचं मी सोडूनच दिलं होतं.

त्या मेमध्ये वसईच्या किल्ल्यात शूटिंग आलं. सिनेमा ऐतिहासिक, पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं एक गाव आणि तिथे आलेला प्लेग. पडक्या चर्चच्या कमानी त्यांना आयत्याच मिळाल्या. गर्दीसाठी माणसं हवी होती, तेव्हा त्यांची एक जीप आळीत आली. सुट्ट्या होत्या, सगळे रिकामे, आणि सिनेमा म्हटल्यावर काय विचारता! आमची शेजारीण रेमेतकाकी, जी फोटो काढतानासुद्धा तोंड फिरवते, ती सगळ्यांत पुढे. मी नळावर बादली भरत होते. त्यांच्यातल्या टोपीवाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला, हिला मेकअप नको, ही आहे तशीच चालेल.

राग यायला हवा होता. आला नाही. कुणीतरी निदान बघितलं तरी, असं वाटलं. आयनंच मला ढकललं. डाव्या हातानं खूण करून म्हणाली, जा, वारा खाऊन ये.

पहिला दिवस मजेत गेला. तरटाचे झगे, केसांत माती, आणि कापूस-डिंक लावून गालांवर आणि मानेवर फोड. म्हणजे मलाही मेकअप चुकला नाहीच. घामानं निथळत थंडीनं कुडकुडायचं, का तर सिनेमात हिवाळा. एक मुंबईचा असिस्टंट दिवसभर ओरडत होता, "थके हुए दिखो, भूखे दिखो!" मी नुसती उभी राहिले की तो खूष. आयजवळ त्या दिवशी रेमेतकाकी बसली होती, पंखा तिच्या दाराला होता. दुसऱ्या दिवशी राखण तिच्या पलीकडच्या नातालमावशीकडे जायची होती.

पण संध्याकाळी काय झालं, ते मला नंतर कळलं. युनिटचा एक माणूस जुन्या वस्तू गोळा करत आळीत फिरला. टोपल्या, मडकी, लाकडी पाट. रेमेतकाकी नुकतीच आयकडून घरी आली होती. त्याला दारावरचा पंखा आवडला. दोन दिवसांत आणून देतो म्हणाला, आणि काकीनं दिला. तिचं म्हणणं, नातालला तोंडी सांगणारच होते ना मी. मग त्याच माणसानं तिला उद्या तुम्हीही या म्हटलं, आणि त्या आनंदात सांगायचं राहून गेलं. नातालमावशीनं सकाळी दार उघडून बघितलं. पंखा नाही. म्हणजे राखण आपल्याकडे नाही. तीही नवं पातळ नेसून काकीच्या मागच्या बसमध्ये चढली, उतरल्यावर तरट नेसायला.

मला फोड चिकटवायचे म्हणून उजाडताच बोलावलं होतं. आयला पेज भरवली, उशा नीट लावल्या, दार लोटलं. उरलेली पेज कोनाड्यात झाकून ठेवली, दुपारी बसणारी भरवेल म्हणून. माझ्या जन्मापासून राखण कधी चुकली नव्हती. सूर्य उगवेल की नाही, असं कुणी बघायला थांबतं का?

दुपारी मोठा सीन होता. पुढे प्रेतांची गाडी, मागे आम्ही मान खाली घालून चाललेलो. वाटेत एका मोठ्या घरातली बाई मरायला टेकलेली, ती नटी पलंगावर, आणि तिची दासी तिला वारा घालतेय. मी सहज मान वर केली. दासीच्या हातात ताडाचा पंखा, कडेला लाल कापड.

आधी मला हसूच आलं. युरोपात ताडाचा पंखा! मग ते लाल कापड ओळखलं. मी मागे बघितलं. रेमेतकाकी होती. नातालमावशी होती, दात काळे केलेले. तिच्या सुना, वाडीत कामाला येणाऱ्या बाया, अख्खी आळी माझ्या मागे रडका चेहरा करून चालत होती. मी विचारलं, "मावशी, आयजवळ कोण आहे?"

मावशी म्हणाली, "रेमेत असेल की." आणि मग तिला तिच्या बाजूला उभी असलेली रेमेत दिसली.

मी धावले. कॅमेरा चालू होता, असिस्टंट काहीतरी ओरडला, मी गाडीच्या पुढून निघाले ती किल्ल्याच्या दरवाज्यातून बाहेर. पायात ते चिंध्या गुंडाळलेले जोडे. बाहेर एक टांगा उभा होता. टांगेवाल्यानं माझा अवतार, मानेवरचे फोड बघितले आणि बिचारा खालीच उतरला. मी म्हटलं, बाबा रे, सिनेमातली आहे, होळीला चल, माझी आय एकटी आहे. अख्ख्या रस्त्यात त्यानं एकदाही मागे वळून बघितलं नाही. माझ्या डोक्यात एकच, की आय घसरली असणार. सकाळपासून आडवी. किती वेळ तडफडली असेल? आणि मी त्या वेळी खोट्या प्रेतांमागे खोटी रडत होते. "कृपापूर्ण मरिये" ही प्रार्थना म्हणायला गेले तर पुढचे शब्दच आठवेनात.

आळीत चिटपाखरू नव्हतं. घराचं दार मी लोटून गेले होते, ते आता सताड उघडं होतं. त्याला चौकटीजवळ पाटा टेकवून ठेवलेला, वाऱ्यानं लागू नये म्हणून. आमचा पाटा दोन बायका मिळून उचलतात.

आत आय डाव्या कुशीवर झोपली होती. पाठीला उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, कफ बाहेर पडावा म्हणून तोंड थोडं खाली, अगदी डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. चादर बदललेली. केस विंचरून एक घट्ट वेणी घातलेली. पेजेचा वाडगा धुऊन पालथा घातलेला. श्वास एकदम शांत. मी जमिनीवर बसले आणि इतकी रडले की गालांवरचा डिंक सुटला.

आयनं डोळे उघडले. माझं डिंकानं माखलेलं तोंड बघितलं. मग आमच्या बोलीत म्हणाली, "तोंड धू जा."

मी विचारलं, कोण आलं होतं? ती म्हणाली, "पोर होती. तिला जेवायला घातलंस?"

कसली पोर, कुणाची, कशी दिसायची, मी विचारत सुटले. आयला तुटक बोलतानासुद्धा दम लागायचा. तिनं वारा घातला म्हणाली. पंख्याशिवाय कसा विचारलं, तर तिनं स्वतःच्या पदराचं टोक धरून हलवून दाखवलं. शेवटी मी कंटाळून दार लावायला उठले, उन्हाची झळ आत येत होती. तशी आयनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. इतकं जोरात, की मला ती ताकद तिच्यात उरलीय हे माहीतच नव्हतं.

"दार नको लावू," ती म्हणाली. "लावलं की तिला भीती वाटते."

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. आळी परत आली होती. रेमेतकाकी सगळ्यांत पुढे, अंगावर तरट, हातात पंखा. त्या दासीच्या हातातून तिनं तो हिसकावून आणला होता. आयला बघून ती दारातच मट्‌कन बसली आणि ऊर बडवून रडायला लागली. तिला समजावता समजावता माझा जीव गेला. मला खरं तर झोपायचं होतं, बस्स.

आता तुम्ही विचाराल ते मीही तेव्हा विचारलंय. आळीत त्या दिवशी मागे कोण राहिलं होतं? दोन तान्ही पोरं आणि त्यांना सांभाळणारे ठार बहिरे जुजेबाबा. पलीकडच्या आळीत विचारलं, वाड्यांवर विचारलं, अगदी राजोडीहून मासळी घेऊन येणाऱ्या कोळणींना विचारलं. त्यातली एक म्हणाली, "आमी कशाला खोटं बोलू? घरात पानी मागायलापन नाय आलो." डॉक्टर म्हणाले, अशा आजारात मेंदू चित्रं बघतो, आणि प्लेगच्या पोरीची गोष्ट तुमच्या आईला लहानपणापासून ठाऊक. बरोबर आहे. मी विज्ञानाची बाई, मला पटलं. फक्त मी त्यांना विचारलं की मग तिला कुशीवर कुणी वळवलं? तर म्हणाले, कुणीतरी येऊन गेलं असेल. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि क्रूसापाशी एक रोझरी त्या पोरीसाठी म्हणवून घेतली. आळीच्या आठवणीत तिच्यासाठी अशी ती पहिलीच.

आय पुढे दोन वर्षं होती. गेली तेव्हा राखण नातालमावशीकडे होती, मीही होते, दार उघडं होतं. त्या पोरीबद्दल आय पुन्हा काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

तो सिनेमा मी पुढे व्हिडिओ कॅसेटवर बघितला. प्लेगची गाडी जाते आणि एक बाई रांगेतून फुटून पळत सुटते, तो तुकडा त्यांनी ठेवलाय. लोक म्हणतात, काय अभिनय केलास! मग मी प्लेगचे असले बरेच सिनेमे बघितले, नादच लागला. सगळीकडे तेच. चिखल, घंटा, चोचीचे मुखवटे, दारावर खुणा. मरताना दाखवतात खूप. आजाऱ्याजवळ कुणी नुसतं बसलंय, पाणी पाजतंय, वेणी घालतंय, असं फारसं कुणी दाखवत नाही. त्यात बघण्यासारखं काही नसतं म्हणा.

आता आळीत बिल्डिंगी झाल्यात. रेमेतकाकी गेली, नातालमावशी गेली. पंखा माझ्या दाराच्या आत खिळ्याला आहे. पुढे द्यायला दारच नाही, सगळ्यांचे फ्लॅट आणि सगळी नोकरीवर. गुडघे गेलेत माझे, आणि मागच्या वर्षी एकदा चक्कर येऊन पडले. लेक परदेशात, रोज फोनवर एकच घोकते की आई, दार नीट लाव, चोऱ्या होतात. मी हो म्हणते.

त्या दुपारी कोण आलं होतं, मला माहीत नाही. इतकी वर्षं झाली, एकही उत्तर पूर्ण बसत नाही, आणि आता शोधायचा उत्साहही नाही. एवढंच सांगते, की मी दार लोटते, पण कडी घालत नाही. आणि दुपारची थोडी पेज झाकून ठेवते. त्या दिवशी तिला कुणी जेवायला घातलं नव्हतं.