सगळ्यांना सारखाच शेक

आमच्या जानरावमामांचं बायकोवर जरा जास्तच प्रेम होतं, आणि त्या प्रेमापायीच मामीच्या जिवावर बेतलं. अकोटजवळच्या गावात काळीभोर जमीन, त्यामुळे हात आखडायची सवय नाही. रुख्मिणीमामी तंबाखूची चिमूट गालात धरायची, त्याच जागी फोड आला. मामांनी आधी गावातल्या बाईकडून त्यावर बिब्बा लावून घेतला. मग अकोटच्या डॉक्टरची इंजेक्शनं, ती अर्धी सोडून अकोल्याच्या डॉक्टरची मलमं. दर ठिकाणी औषध नवं, फोड मात्र तोच, वाढत चाललेला.

बासष्ट साली शेवटी अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात आले. तिथले डॉक्टर शिस्तीचे. आधी फोडाचा तुकडा काढून तपासायचा, कॅन्सर निघाला की ठरलेला शेक, म्हणजे यंत्रातल्या किरणांचा उपचार, पुरता घ्यायचा आणि वरून कसलंही भारी इंजेक्शन टोचायचं नाही. उपयोग नसलेल्या औषधापायी माणसं वावरं विकतात, असं ते चिडून सांगत. शेजारच्या खाटेवर भातकुलीची जमुना होती, बौद्ध घरातली, रोजमजुरी करणारी. तिलाही तसाच फोड, तिलाही तोच शेक. मामांना हा अपमान वाटला. घरच्या मालकिणीला आणि मजूर बाईला एकच औषध म्हणजे काय! मामीच्या सोबतीला तिथे राहताना मला त्यांचा संताप यायचा, पण माणूस आतून घाबरलेला होता, हेही दिसायचं.

शेकानं मामीचं तोंड सोलून निघालं, पाणीही गिळवेना. मामांनी जीप आणली. अकोल्यात कोणी मुंबईची इंजेक्शनं देतो असं ऐकलं होतं, तिकडे न्यायचं ठरवलं. मामी खाटेवरून उठलीच नाही. तशा तोंडानं म्हणाली, "तुमाले मी जगाले पायजे, का तुमचं मन भराले पायजे?"

जीप रिकामी परत गेली. मामा तिथेच राहिले. भाताची पेज थंड करून मामीला भरवू लागले. जमुनेची माणसं दिवसभर मजुरीला जात, म्हणून मग तिलाही. दोघींनी शेक पुरा केला.

मामीचा गाल बरा झाला. जमुनेच्या मानेत मात्र वर्षभरात गाठ आली आणि ती गेली. कळल्याबरोबर मामा एसटीनं अमरावती गाठून डॉक्टरांपुढे उभे राहिले.

"जमुनेले अजून काही देता आलं नसतं काय जी?"

"असं काही असतं," डॉक्टर म्हणाले, "तर तुमच्या बायकोलाही दिलं असतं."

मामा तिथल्याच बाकावर बसून रडले.