उघड्या तोंडाचा शिंपला

आमच्या काचेच्या टाकीतलं पाणी इतकं हिरवं झालं होतं की आतले मासे दिसेनासे झाले. शिंपला पाणी गाळतो, असं कुठंतरी वाचून मी मावशीला वैनगंगेवर घेऊन गेले. बालाघाटला उन्हाळ्यात नदी घोट्याएवढीच असते आणि वाळूत शिंपले सहज सापडतात.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली, आता स्वतःही लिहिणारी. तोंड मिटून बसणारे सगळे अन्यायाचे साथीदार, हे माझं ठाम मत. त्यामुळे गच्च मिटलेले शिंपले मी बाजूला सारले आणि अर्धवट उघडा, मोठा, देखणा एक उचलला.

"हाच घेऊ. हा तरी मोकळेपणानं बोलेल."

मावशीनं त्याला टिचकी मारली. तो तसाच उघडा राहिला. मग तिनं वास घेऊन नाक मुरडलं.

"हौ वं, लय मोकळा हाय! मेला हाय तो. टाकीत टाकशील त सारे मासे मारशील. जिता असला का हात लागताच तोंड मिटते."

"म्हणजे घाबरट घ्यायचा?"

"तुले शिंपला पाह्यजे का पुढारी?"

मासे वाचवायचे होते, म्हणून मी एक मिटलेला उचलला. घरी तो वाळूत रुतून बसला आणि उघडेचना. मी काचेला नाक लावून त्याला समजावत राहिले.

"तू गप बसशील तवाच उघडंन ना तो," मावशी म्हणाली.

मी गप्प बसले. हळूच त्याची बारीकशी फट उघडली. माझ्या पुढच्या पत्रकात मात्र याचा उल्लेख नव्हता.