बिनभाड्याचे मुक्काम

चूक माझी होती. ती मी दुसऱ्याच एका बाईच्या माथी मारली आणि कित्येक वर्षं तिथंच राहू दिली. कागदावर हे सहज लिहिता येतं. बायको समोर असली की एवढं एक वाक्य तोंडातून निघत नव्हतं.

लग्नानंतर आम्ही दोघं मिळून कधी बाहेरगावी राहिलोच नव्हतो. आधी माझे वडील अंथरुणाला खिळले, मग आई. दोघांची पथ्यं वेगळी, जेवायच्या वेळा वेगळ्या. मी सकाळी कंपनीच्या बसनं नागपूरहून कळमेश्वरला जायचो आणि अंधार पडल्यावर परत यायचो. आई गेली, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि माझी साठलेली रजा एकदाची मंजूर झाली. हिवाळ्यात तीन आठवडे दक्षिणेत फिरायचं ठरलं.

"कुठंही न्या," बायको म्हणाली. "देवळं दाखवा, नाहीतर दगडं दाखवा. पण मी गॅसजवळ जाणार नाही. आयतं ताट पाहिजे मले."

"मंजूर," मी म्हणालो.

मी आयुष्यभर खरेदी विभागात काम केलं. समोरच्यानं भाव सांगितला की तो जास्तच असणार, ही सवय घरीही सुटत नाही. हॉटेलांचे दर पाहिले. नुसतं झोपायला एवढे पैसे? मग ओळखीची माणसं आठवायला लागलो. हैदराबादला मावसभाऊ होता, बंगळूरला शाळेतला मित्र, चेन्नईला ऑफिसातल्या एकाचे मेहुणे.

"दुसऱ्याच्या घरी बाईले आयतं बसता येते काय?" बायकोनं विचारलं.

"पाहुण्याले कोणी काम सांगते का वं?"

पण फोन करताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. कोणाच्या घरी पाच-सहा दिवस फुकट कसं राहायचं? म्हणून गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि मित्राला म्हणालो, "वहिनींना काही त्रास नाही गा. उलट आमच्या हिच्या हातचा वडाभात खा. तिले हौसच आहे."

"मग काय गा! इथले सारे नागपूरवाले बोलावून घेतो," तो म्हणाला.

हैदराबादला आणि चेन्नईलाही मी हेच सांगितलं. कळमन्याच्या फळबाजारात जाऊन ठोक भावानं संत्र्यांच्या पेट्या घेतल्या, प्रत्येक घरी एक. माझ्या लेखी व्यवहार पूर्ण झाला होता.

हैदराबादला तिनं पहिल्याच सकाळी पोळ्या लाटायला घेतल्या. मला वाटलं, सवयीनं करत असेल. बंगळूरला आम्ही रविवारी मैसूरला जाणार होतो. सकाळी मित्राची बायको भिजवलेल्या डाळींचं पातेलं घेऊन आली.

"वहिनी, डाळी कालच भिजवून ठेवल्या. संध्याकाळी सगळे येणार आहेत. तुम्ही करून खाऊ घालणार म्हणे! बाकीचं चिरणं-निवडणं मी करते."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधत होतो.

"करून टाक ना," मी खाली पाहूनच म्हणालो. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

मित्र आणि मी मैसूरला गेलो. मी राजवाड्याचे भरपूर फोटो काढले, तिला दाखवायला म्हणून. परतलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. ती पंगतीतून फिरत भातावर वडे कुस्करत होती आणि वरून फोडणीचं कडकडीत तेल घालत होती. "वहिनी, नागपूरच उचलून आणलं तुम्ही!" मित्र ओरडला. ती हसली. तिची जेवायची वेळ आली तेव्हा वडे संपले होते. तिनं नुसत्या भातावर तेल घेतलं.

चेन्नईच्या गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "तुमच्या दोस्ताची बायको भारी हुशार आहे. पाहुणीलेच कामाले लावलं."

तेव्हा सांगायला हवं होतं. डब्यात कोणी ओळखीचं नव्हतं, पुढे सगळी वाट मोकळी होती. मी म्हणालो, "हो ना. या मोठ्या शहरातल्या बाया अशाच."

परत आल्यावर शेजारणीनं विचारलं, "काय काय पाहिलं वं?"

"ओटे पाहिले," बायको म्हणाली. "हैदराबादचा उंच होता, खांदे भरून आले. बंगळूरचा काळ्या दगडाचा, हळदीचा डाग दिसत नाही. चेन्नईच्या ओट्याले मात्र खिडकी नव्हती."

शेजारीण पोट धरून हसली. मीही हसलो आणि वर म्हणालो, "पण हॉटेलले एक रुपया लागला नाही!"

पुढे मित्राच्या मुलीचं लग्न नागपुरातच निघालं. त्याची बायको स्वतः पत्रिका घेऊन आमच्याकडे आली. बायकोनं चहा दिला आणि विचारलं तेवढंच बोलली. पाहुणी गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही जा. त्या बाईच्या मांडवात मी पाय ठेवणार नाही."

मी एकटा गेलो. "वहिनी नाही आल्या?" मित्राच्या बायकोनं विचारलं. मी तब्येतीचं कारण सांगितलं. "त्या दिवशी त्यांचं मैसूर राहिलं," ती म्हणाली. "मला फार चुटपुट लागली. पण तुम्ही म्हणाला होता ना, त्यांना हौस आहे म्हणून." मी मान हलवली, जेवलो, घरी आलो आणि लग्न छान झालं एवढंच सांगितलं.

त्यानंतर मी कुठंही जायचं नाव काढलं की बायको म्हणायची, "तुम्ही जाऊन या." रागानं नाही, सहज. मग मी नाव काढणंही सोडलं. आम्ही एकाच घरात राहत होतो, पण संध्याकाळी मी एका खोलीत बातम्या लावायचो आणि ती दुसऱ्या खोलीत मोबाइल पाहायची.

या मे महिन्यात ती भिशीतल्या बायकांबरोबर हिमाचलला गेली. सोबत आचारी नेणारी सहल होती. "मीही येऊ काय?" मी विचारलं. "बायकांचीच आहे," ती म्हणाली.

घरात मी आणि कूलर. दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, फोन वाजत नाही, बोलायचं म्हटलं तर दूधवाल्याशी. वरण-भात करायचो आणि ओट्यापाशी उभ्यानंच खायचो. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"अहो, पहाडात पिठलं-भाकरी होती आज! आम्ही बसून होतो आणि तो आचारी वाढून राहिला होता. मी तिसरी भाकरी मागून घेतली. तुम्ही जेवले काय?"

"जेवलो," मी म्हणालो. तिच्या आवाजातला तो आनंद मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. मागून पंगतीचा गोंगाट येत होता. "ठेवते," म्हणून तिनं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ मी तो हातात धरून बसलो. तिला असं खूश करायची संधी मला मिळाली होती. मी ती ठोक भावात काढून टाकली होती.

ती परत आली. दुसऱ्या दिवशी पिशवीतून अक्रोड काढता काढता सहलीचं सांगत होती. "आचाऱ्यानं एकीलेही साधी कोथिंबीर निवडू दिली नाही. नाहीतर ती तुमची बंगळूरवाली!"

"तिनं नव्हतं लावलं तुले कामाले," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मीच फोनवर सांगितलं होतं, हिच्या हातचा वडाभात खा, तिले हौसच आहे. हैदराबादले अन् चेन्नईलेही."

तिचा हात पिशवीतच राहिला. "अन् मी तिच्या पोरीच्या लग्नाले गेली नाही," ती म्हणाली. मग विचारलं, "काहून नाही सांगितलं तेव्हाच?"

"तुझा राग तिच्यावर निघून राहिला होता. मले ते सोयीचं वाटलं. माझं चुकलं. तुले शब्द दिला होता, अन् तुले न विचारता तुझ्या मेहनतीवर फुकट राहिलो. मले माफ कर."

तिनं पिशवी बाजूला सारली. मग म्हणाली, "माझं राहू द्या. आधी तिले फोन लावा. माझ्यासमोर."

मी लावला. मित्राच्या बायकोनं उचलला. "अरे वा, आज कशी आठवण झाली?" ती म्हणाली. बायको समोर खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होती.

"वहिनी," मी म्हणालो, "हिला स्वयंपाकाची हौस नव्हती. मी खोटं बोललो होतो. आणि दोष तुमचा आहे असं मी हिला इतकी वर्षं वाटू दिलं, म्हणून ही लग्नाला आली नाही. मी तुमची माफी मागतो."