धाकटीच्या दारावरची चादर

लॉन्ड्रीत तिला सगळे दुर्बीण म्हणत. पण पाठीमागे; तोंडावर बाई. एकोणतीस वर्षं ती मोठ्या खिडकीपाशी, लांब टेबलामागे उभी राहिली. धुऊन वाळून आलेली प्रत्येक चादर दोन कोपरे धरून उजेडासमोर उचलायची, वरून खाली एकदा नजर फिरवायची आणि निकाल द्यायचा. "जाऊ दे" म्हणाली की चादर इस्त्री होऊन हॉटेलच्या गाडीत चढे. "परत" म्हणाली की हौदात. तिच्या "परत"पुढे मालकसुद्धा तोंड उघडत नसे. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. कुणाकडे जमीन असते, कुणाकडे रूप. तिच्याकडे नजर होती.

म्हणून डॉक्टरांनी मोतीबिंदू म्हटलं तेव्हा आजार निघाल्यासारखं नाही, चोरी पकडल्यासारखं तिचं तोंड उतरलं.

"पार पिकलाय बाई. दोन-तीन वर्षं तरी अंगावर काढलंत," डॉक्टर म्हणाले. उजवा डोळा आधी करायचा ठरला, डावा दीड महिन्याने.

ऑपरेशन पाव तासात उरकलं. जड गेलं ते पुढचं. वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, उजव्या कुशीवर निजायचं नाही. धूर, धूळ, वाफ लागू द्यायची नाही. आणि काही झालं तरी डोळा चोळायचा नाही. दिवसा काळा चष्मा, झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवायची. दिवसातून चार वेळा दोन बाटल्यांचे थेंब, दोन्हींत पाच मिनिटांचं अंतर. ते थेंब काही तिला स्वतःला घालता येईनात. बाटली जवळ आली की पापणी मिटे आणि औषध गालावर.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा दूर, तो फोनवर म्हणाला, "अगं, काकूला सांग ना. समोरच तर राहते."

काकू म्हणजे तिची धाकटी जाऊ. एकाच अंगणात समोरासमोर खोल्या, पण दोन वर्षांत दोघींत शब्द नव्हता. धाकटी त्याच लॉन्ड्रीत निळीच्या हौदावर होती. चादरींना शेवटचं पाणी तिच्या हातचं. मग दुर्बिणीला एकेक चादर पिवळट दिसायला लागली. एका आठवड्यात तिने शंभरावर परत पाठवल्या आणि मालकाला सांगितलं, "हिला नीळ कळत नाही. माझी जाऊ आहे म्हणून मी पांघरूण घालणार नाही." धाकटीला काढलं. शेवटची परत आलेली चादर मालकाने तिच्याच अंगावर टाकली. घरी येऊन तिने ती दाराला पडदा म्हणून लावली, लॉन्ड्रीचा शाईचा आकडा बाहेर दिसेल अशी, बरोबर मोठीच्या दारासमोर. आता ती दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत होती.

मोठीने निरोप धाडला नव्हता, तरी धाकटी आली. पुतण्याने तिलाही फोन केला होता. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाली, "थेंब घालायला येईन, जाऊबाई. डोळ्याशी माझं भांडण नाही."

पाचव्या दिवशी सकाळी मोठीने चष्मा पुसायला काढला. समोर पडदा हलत होता. पांढरा. असा पांढरा तिने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. तिने उजव्या डोळ्यापुढे तळहात धरला. पडदा पिवळा झाला. तळहात डावीकडे नेला. पांढरा. तीनदा केलं. चादर तीच, ऊन तेच.

धाकटी हात धुऊन आली तेव्हा ती म्हणाली, "ती चादर पांढरी आहे गं."

"वर बघा." खालची पापणी ओढून धाकटीने थेंब सोडला. "मिटा. दाबू नका."

"तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. सगळ्यांदेखत. म्हटलं, जाऊबाई, पांढरीच आहे, पुन्हा एकदा बघा. तुम्ही म्हणालात, आधी तुझे डोळे तपासून घे. सगळे हसले."

दुसऱ्या बाटलीला अजून पाच मिनिटं होती. दोघी घड्याळाकडे बघत बसल्या.

"मी मालकांना सांगते," मोठी शेवटी म्हणाली.

"सांगा."

पण लॉन्ड्रीत वाफ, आणि वाफेला डॉक्टरांची मनाई. त्या मनाईआड ती तीन आठवडे लपली. डॉक्टरांचं इतकं मनापासून कुणी ऐकलं नसेल. धाकटी मात्र रोज चार वेळा आली, हात धुतले, थेंब घातले, गेली. सांगितलंत का, हे विचारलं नाही. एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ऑपरेशनला महिना भरायला दोन दिवस असताना मोठी लॉन्ड्रीत गेली. मालकाने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"तरीच! हॉटेलवाले दोन वर्षं बोंबलतायत, चादरी निळ्या येतात म्हणून. तुमचं समाधान होईस्तोवर ती हौदावरची नवी बाई नीळ ओततेय! अन् मी त्यांनाच वेड्यात काढत होतो, आमची बाई चुकत नाही म्हणून."

"माझ्या जावेला परत घ्या."

"कुठं घेऊ? त्या हौदावर आता माणूस आहे. आणि टेबलावरही दुसरी बघतो मी. तुम्ही घड्या घाला, बाई. बसून काम आहे."

टेबलाशी इस्त्रीवाल्या उभ्या होत्या. या वेळी कुणी हसलं नाही.

संध्याकाळी धाकटी आली. मोठीने मालकाचा शब्दन् शब्द सांगितला. धाकटीने शेवटचा थेंब घातला, बाटली हलवून बघितली, रिकामी होती. झाकण लावून ती फळीवर ठेवली.

"डावा कधी करणार?"

"पंधरा दिवसांनी."

"तेव्हा दुसरं कुणी बघा," धाकटी म्हणाली. राग नव्हता आवाजात. पदराला हात पुसले, अंगण ओलांडलं आणि पडदा सारून आत गेली.

मोठीच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. औषधाचं की कसलं, कोण सांगणार. चोळायचं नाही म्हणून तिने ते वाहू दिलं. मग उजव्या डोळ्यापुढे तळहात धरला. पडदा पुन्हा पिवळा झाला. त्या डाव्या डोळ्यापुरती ती अजून चुकलेली नव्हती. ती बघत राहिली.

डाव्या डोळ्याच्या तारखेला ती गेली नाही. मुलगा फोनवर विचारतो, तेव्हा म्हणते, "दिसतंय रे एकाने. पुरेसं दिसतंय."