परत आलेला एकच टीव्ही

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टीव्ही जोडणाऱ्या एका कंपनीत मी बावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची काही वर्षं जुन्या टीव्हींच्या कागदांत गेली. कायदा असा, की जो माल बनवतो त्यानेच तो निकामी झाल्यावर गोळा करायचा आणि नीट मोडून घ्यायचा. हे काम कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. परवाना असलेल्या कारखान्याकडून ‘एवढा कचरा आम्ही मोडला’ अशी प्रमाणपत्रं विकत मिळतात. ती घ्यायची, सरकारी पोर्टलवर चढवायची, की वर्ष सुटलं. त्यात लबाडी काही नव्हती. फक्त एवढ्या वर्षांत एकही जुना टीव्ही माझ्या नजरेला पडला नव्हता.

लोकांना जागरूक करा, असंही कलम आहे. म्हणून नव्या टीव्हीच्या खोक्यात टाकायला मी मराठीत एक पत्रक लिहिलं. जुना टीव्ही भंगारात देऊ नका, आमच्याकडे परत आणा, ती आमची जबाबदारी आहे. शिवाय परत येणारे टीव्ही ठेवायला गेटजवळ एक जाळीचा पिंजरा उभा केला. त्यात वॉचमन आपली छत्री आणि जेवणाचा डबा ठेवायचा. मी कधी हटकलं नाही. कुणाच्या तरी कामाला येत होता.

एका दुपारी वॉचमनचा फोन आला, एक बाई रिक्षातून टीव्ही घेऊन आल्यात आणि काही केल्या ऐकत नाहीत. खाली गेले. साठी ओलांडलेल्या बाई, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. चादरीत बांधलेला जुना पिक्चर ट्यूबचा आमचाच टीव्ही आणि हातात माझं पत्रक. नवा टीव्ही घेतला तेव्हा खोक्यात मिळालं म्हणाल्या. जन्मभर वरून आलेला छापील कागद वाचायचा आणि त्याप्रमाणे वागायचं, ही त्यांची सवय. पत्रकातल्या टोल-फ्री नंबरवर तीनदा फोन करून झाला होता. तिकडची मुलगी गोड हिंदीत नोंद करून घ्यायची आणि पुढे सगळं थंड.

मी त्यांना वाटेला लावायला बघत होते. एका टीव्हीसाठी गाडी येत नाही, उगाच कशाला त्रास घेतलात, भंगारवाल्याला दिला असता तरी चाललं असतं, असंही बोलून गेले. तेही स्वतःचं पत्रक समोर असताना.

“भंगारवाल्याला द्यायचा तर दारातच दिला असता, मॅडम,” त्या म्हणाल्या. “आमच्या गल्लीच्या मागंच फोडतात, वायरी जाळतात. आमच्या मालकांना दमा आहे. निदान आपल्याच टीव्हीचा धूर त्यांच्या छातीत जायला नको.”

मी टीव्ही ठेवून घेतला. कंपनीच्या कागदावर पोच लिहून दिली, तीवर त्यांचा पत्ता घातला. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मगच रिक्षात बसल्या.

पुढे दोन महिने मी मोडणाऱ्या कारखान्याला फोन करत राहिले. माल जमवा, मग येऊ, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यातून पिक्चर ट्यूबची शिसं असलेली काच म्हटली की ते आणखीनच मागे सरत. मग मी भाचीच्या लग्नाला दिंडोरीला गेले, दोन दिवसांची रजा. परत येते तो पिंजरा रिकामा आणि वर ताजा रंग. मोठे पाहुणे येणार होते, म्हणून आवार झाडून काढलं होतं आणि पुठ्ठ्यांबरोबर टीव्हीही भंगारात गेला होता. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. एक कटकट गेली. दुसऱ्या दिवशीपासून मात्र त्या बाई डोळ्यांसमोरून हलेनात. स्वतःची लाज वाटू लागली. आमच्या वसाहतीतलं भंगार शेवटी कुठे जातं, हे मला चांगलं माहीत होतं.

शनिवारी पोचेची प्रत घेऊन स्कूटरवर निघाले. फुटायच्या आत तो परत घ्यावा, एवढाच विचार होता. बाईंच्या गल्लीमागे मोकळं मैदान आहे, तिथेच पत्र्याची शेड. टीव्ही सापडला. म्हणजे त्याचं बाहेरचं प्लास्टिकचं खोकं, आमच्या कंपनीचं लेबल असलेलं, आणि मान मोडलेली ट्यूब. तांब्याची कॉइल काढून घेतली होती. शेजारी जमीन काळी पडली होती, अजून वास येत होता. भंगारवाला भला माणूस. म्हणाला, “काच कुणीच घेत नाय, मॅडम. लय पडलीय. न्यायची तर न्या.”

ती तिथेच सोडून स्कूटर वळवली आणि दारातून बाईंनी मला पाहिलं. हाक मारून बोलावलंच. आत पलंगावर त्यांचे मालक दोन उशांना टेकून बसले होते. बाईंचा चेहरा खुलला होता. त्यांनी शेजारणींना गोळा केलं.

“ह्याच त्या मॅडम. आमचा टीव्ही ह्यांनीच नेला. आता घरोघर यायला लागल्या.”

तेव्हा मला कळलं, की बाईंनी माझ्या पत्रकाच्या झेरॉक्स काढून सगळ्या गल्लीत वाटल्या होत्या. बघता बघता बायका आपापल्या घरातून वस्तू आणू लागल्या. जळलेला मिक्सर, फुटक्या काचेचे मोबाइल, इस्त्री, कॉम्प्युटरचा पडदा. मागच्या भंगारवाल्याला कुणी देत नाही आता, एकीने सांगितलं, बाईंनी बजावलंय, कंपनी नेते म्हणून. त्या बायका दोन महिने हे सगळं पलंगाखाली सांभाळून बसल्या होत्या.

खरं सांगायची वेळ तीच होती. तो टीव्ही मागे फुटून पडलाय, एवढंच म्हणायचं होतं. मी पर्समधून वही काढली आणि कुणाकडे काय आहे ते लिहायला बसले, कारण मला तेवढंच येतं. गाडी कधी येणार, असं मालकांनी पलंगावरून विचारलं. एवढं वाक्य पुरं करायला त्यांना मधे दोनदा थांबावं लागलं.

“सोमवारी,” मी म्हटलं.