शिवशंकर सरांची प्रश्नपेढी

शिवशंकर सर अकरा वर्षं भूगोल शिकवत होते आणि अकराही वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे जून आला की नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत आणि नव्याने धाकधूक. पिशोरच्या मेंढपाळाच्या घरातला हा पहिला एम. ए. झालेला माणूस. गावात 'प्रोफेसर' म्हणून मान. कॉलेजात मात्र जी रिकामी दिसेल ती खुर्ची आपली.

परीक्षा ऑनलाइन झाल्या तेव्हा प्राचार्य म्हणाले, "सर, पोर्टलवर प्रश्नपेढी करा. प्रत्येक पोराला वेगळा पेपर गेला पाहिजे. पुढच्या वर्षीच्या तुमच्या तासिकांचं मी बघतो."

साहेबांच्या 'बघतो'वर विसंबू नये, हे शेंबडं पोरही सांगेल. सर विसंबले.

वर्ष दुष्काळाचं होतं. नळाला दहा-दहा दिवस पाणी नाही, आणि शहराच्या कडेला रोज नवी घरांची स्कीम उभी. भाड्याच्या खोलीत बसून सरांनी नऊशे प्रश्न घडवले, प्रत्येकाला चार पर्याय. त्यातले तीस प्रश्न पोर्टल ज्याला त्याला वेगळे काढून देणार होतं. पर्यायांचाही क्रम बदलायची सोय होती. सरांनी तीही हौसेने चालू केली.

तिथंच घात झाला. कागदी पेपर काढत आलेल्या मास्तराची जुनी खोड अशी, की अवघड प्रश्नाला शेवटचा पर्याय 'वरीलपैकी सर्व'. पोर्टलने तो कुणाला पहिला दिला, कुणाला दुसरा. बिडकीनची मोनिका ही वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. ती रडत आली.

"सर, दुष्काळाची कारणं इचारली व्हती. 'वरीलपैकी सर्व' हे पयलंच आलं. त्याच्या वर तर कायच नव्हतं! मग मी दुसरं निवडलं."

विचार करणारी पोरं बुडाली आणि डोळे झाकून ठोकणारी तरली. परीक्षा रद्द झाली. प्राचार्यांनी सरांना सगळ्या स्टाफदेखत झापलं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग भर उन्हाळ्यात त्यांनी नऊशेच्या नऊशे प्रश्न पुन्हा उघडले. एकेक 'वरीलपैकी' उपटून धड पर्याय लिहिला. उत्तर का चुकलं, हे समजावणाऱ्या दोन ओळी प्रत्येक प्रश्नाखाली घातल्या. फेरपरीक्षेत एक तक्रार आली नाही. मोनिका पहिली आली. यंदाची नेमणुकीची ऑर्डर आता कुठं जात नाही, असं सरांना वाटलं.

जूनमध्ये प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

"उत्तम झालंय, सर. पेपर आपोआप निघतो, आपोआप तपासला जातो, चुकलेल्याला समजावूनही सांगतो. आता तुमच्या तासिका मंजूर करून घ्यायच्या कोणत्या तोंडानं? पासवर्ड तेवढा क्लार्ककडे देऊन जा."

सरांनी दिला. भांडायला हवं होतं, टेबल आपटायला हवं होतं. पण भल्या माणसाला ऐनवेळी शब्द सापडत नाहीत, ही चीड आणणारीच गोष्ट आहे.

त्यांचे वडील मल्हारराव तेव्हा मेंढ्या घेऊन बिडकीनजवळ, कारखान्यांसाठी घेतलेल्या मोकळ्या रानात उतरले होते. सरांनी तिथं जाऊन ऑर्डर मिळाली नसल्याचं सांगितलं.

म्हाताऱ्याने कळपाबाहेर गेलेलं एक मेंढरू काठीनं आत वळवलं. मग हळूच म्हणाला, "काम बिघडवलंस व्हय रं?"

"नाय, आबा," सर म्हणाले. "लई नीट करून दिलं."